वळण, वेग आणि न अडणारे चाक

१ एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात १२५ सीसीहून मोठे इंजिन असलेली कोणतीही नवी दुचाकी, ब्रेक दाबला असता चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेवाचून विकता येत नाही. बाजारात नव्याने येणाऱ्या मॉडेलांना हा हुकूम वर्षभर आधीच लागू झाला होता. लहान इंजिनाच्या गाड्यांना पुढचा व मागचा ब्रेक एकत्र लावणाऱ्या साध्या जोडयंत्रणेवर भागवण्याची मुभा मिळाली. आणि प्रवासी मोटारींवरही जवळजवळ याच मुदतीत हे बंधन आले. तेव्हापासून या यंत्रणेची एबीएस ही तीन अक्षरे गाडीच्या मडगार्डावर, विक्रेत्याच्या तोंडी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात रूढ झाली, आणि त्यांच्याबरोबर एक समजूतही रूढ झाली, की एबीएस असलेली गाडी घसरत नाही. मुलाला पहिली मोटारसायकल घेऊन देणारे आईबाप या समजुतीवर विसंबून निश्चिंत होतात, आणि त्यांच्या काळजीचे मोल ओळखूनच मला हे लिहावेसे वाटते. कारण ती समजूत सरळ रस्त्यावर पुष्कळ अंशी खरी असली, तरी वळणावर अर्धीच खरी ठरते, आणि त्या उरलेल्या अर्ध्या भागात माणसे प्राणास मुकतात.

गाडीला वेग देणारी, तिला थांबवणारी आणि तिला वळवणारी सर्व बले शेवटी एकाच ठिकाणाहून येतात. टायर रस्त्याला जिथे टेकतो ती जागा मोटारीच्या बाबतीत तळहाताहून फारशी मोठी नसते, आणि मोटारसायकलीच्या बाबतीत तर त्याहूनही लहान असते. कोरड्या व स्वच्छ डांबरावर चांगला टायर आपल्यावरील भाराच्या सुमारे आठ दशांश इतके बल रस्त्याकडून मिळवू शकतो. पावसात हे प्रमाण पाच दशांशाच्या आसपास येते, आणि रस्त्यावर वाळू, शेवाळ किंवा सांडलेले डिझेल असेल तर त्याच्याही पुष्कळ खाली जाते. ही पकड कोणत्या दिशेने वापरायची ते चालकावर अवलंबून असते: सारीच्या सारी वेग कमी करण्याकडे लावता येते, किंवा सारीच वळण्याकडे. परंतु दोन्ही कामे एकाच वेळी सांगितली, तर तिची वाटणी काटकोन त्रिकोणाच्या नियमाने होते. ब्रेकचे बल ही एक भुजा, वळण्याचे बल ही दुसरी, आणि कर्ण मात्र उपलब्ध पकडीहून कधीही लांब होऊ शकत नाही. कागदावर हे सारे शक्य संयोग मांडले की एक वर्तुळ तयार होते, आणि श्टुटगार्टचे जर्मन अभियंते वुनिबाल्ड काम यांच्या नावाने ते अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ओळखले जाते. वर्तुळाच्या आत असेपर्यंत गाडी आज्ञेत असते. परीघ ओलांडला की ती रस्त्याच्या स्वाधीन होते.

या नियमाचा अर्थ आकड्यांत पाहिल्यावाचून त्याचे गांभीर्य ध्यानात येत नाही. समजा, ५० मीटर त्रिज्येचे एक वळण आहे, रस्ता कोरडा आहे, आणि गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने त्यात शिरली आहे. त्या वळणावर टिकून राहण्यासाठी तिला आतल्या दिशेने ५.५६ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण लागते. रस्ता एकंदर ७.८५ देऊ शकतो; म्हणून त्रिकोणाचा हिशेब केला असता ब्रेकसाठी सुमारे ५.५ शिल्लक राहते, जी पुष्कळच म्हणावी लागेल. आता तीच गाडी त्याच वळणात ताशी ७० किलोमीटर वेगाने आली, तर वळण्यासाठीच ७.५६ खर्ची पडते आणि ब्रेकसाठी अवघे २.१ उरते. वेग सहाव्या हिश्शाने वाढला, आणि थांबण्याची शक्ती पहिल्याच्या दोन-पंचमांशांवर आली. ताशी ७२ किलोमीटरला वळण्याची गरजच उपलब्ध पकडीच्या पलीकडे जाते. तेथे ब्रेक चांगला की वाईट हा प्रश्नच शिल्लक राहत नाही. आणि पाऊस पडत असेल, तर एकूण मर्यादाच ४.९ वर आल्यामुळे ज्या ६० च्या वेगाने कोरड्यात पुरेसा वाव होता, त्याच वेगाने ओल्या रस्त्यावर ब्रेकला हातही न लावता गाडी वळणाबाहेर जाईल. रस्त्याला आतल्या बाजूस दिलेला उतार धरला तर हे आकडे थोडे सैल होतील, पण त्यांचा परस्परसंबंध बदलणार नाही.

आता एबीएस नेमके काय करते ते पाहू. प्रत्येक चाकाजवळ एक दातेरी कडी आणि तिच्यासमोर एक सेन्सर बसवलेला असतो, आणि कडीचे दात त्याच्यापुढून किती वेगाने सरकतात त्यावरून चाकाचा वेग क्षणोक्षणी मोजला जातो. ब्रेक दाबल्यावर एखाद्या चाकाचा वेग, एवढी जड गाडी मुळी इतक्या झपाट्याने मंदावू शकणारच नाही अशा गतीने उतरू लागला, तर ते चाक जाम होण्याच्या बेतात आहे असे यंत्रणा ठरवते. त्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेक ऑइलची झडप बंद करते, गरज पडल्यास दुसरी झडप उघडून दाब उतरवते, आणि चाक पुन्हा फिरू लागले की दाब परत वाढवते. एका सेकंदात हे चक्र अनेकवार घडते, आणि पायाखालच्या पेडलला किंवा हातातल्या लिव्हरला जी थरथर जाणवते ती त्याचीच. टायरची पकड चाक मोकळे फिरत असताना सर्वाधिक नसते आणि जाम झाल्यावरही नसते. गाडीच्या वेगापेक्षा चाक दहा ते वीस टक्के मंद फिरत असते तेव्हा ती कमाल असते, आणि एबीएसचा सारा खटाटोप चाकाला त्या अरुंद पट्ट्यात धरून ठेवण्यासाठी असतो.

जाम झालेल्या चाकाचा खरा दोष मात्र थांबण्याचे अंतर वाढणे हा नसून दिशा गमावणे हा आहे. फिरणारे चाक ज्या दिशेला तोंड करून असते त्या दिशेला जाण्याचा आग्रह धरते. घसरणाऱ्या चाकाला तोंड नसते, आणि त्याचे घर्षण ते ज्या दिशेला घसरत आहे तिच्या बरोबर उलट काम करते, मग सुकाणू कितीही फिरवा. गोफणीतून सुटलेला धोंडा ज्याप्रमाणे फिरण्याची वाट सोडून स्पर्शरेषेने सरळ जातो, त्याप्रमाणे पुढची चाके जाम झालेली मोटार वळण सोडून सरळ जाते. मागची चाके आधी जाम झाली, तर ती स्वतःभोवती फिरते, जे बहुधा अधिक भयंकर असते, कारण तेव्हा समोरून येणाऱ्याला तिची बाजू आडवी लागते. वळणावर हा धोका सरळ रस्त्याहून जास्त, कारण तेथे गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर जातो, आतली चाके हलकी होतात, आणि सरळ रस्त्यावर जो दाब त्यांनी सहज सोसला असता त्याच दाबाने ती अडतात.

तेव्हा वळणावर एबीएस उपयोगी पडते का, या प्रश्नाचे चारचाकीच्या बाबतीत पहिले उत्तर होकारार्थी आहे. वळणाच्या मध्यावर अचानक म्हैस, दरड किंवा उभा ट्रक दिसला आणि चालकाने जीव खाऊन ब्रेक दाबला, तर एबीएस पुढच्या दोन चाकांचा दाब वेगवेगळा सांभाळते, मागच्या जोडीला बहुधा तिच्यातल्या दुबळ्या चाकाच्या बेताने वागवते, आणि चालकाच्या हातात सुकाणूचा अर्थ शिल्लक ठेवते. एबीएस नसताना हे काम चालकाला करावे लागे, आणि प्राणभयाच्या क्षणी पाय आखडून बसलेल्या साधारण माणसाकडून ते होत नसे. यासाठी मी या यंत्रणेला मोटारीच्या इतिहासातील मोजक्या खऱ्या उपकारांपैकी एक मानतो.

परंतु एबीएस वर्तुळ मोठे करत नाही. उपलब्ध पकड किती, हे टायर, रस्ता आणि पाऊस ठरवतात. एबीएस फक्त तिच्या मर्यादेत ब्रेकला आवरते, आणि तेही ब्रेक दाबला असेल तरच. अतिवेगाने वळणात शिरलेल्या मोटारीची पुढची चाके आडवी घसरत बाहेर निघाली असतील, पण ब्रेकला पाय लागलेला नसेल, तर चारही चाके व्यवस्थित फिरताना दिसतात, आणि चाकांच्या फिरण्यावाचून दुसरे काहीही न पाहणाऱ्या या यंत्रणेला काही बिघडल्याचा पत्ताच लागत नाही. त्यात सुट्या खडीवर तिचे काम आणखी अवघड होते. तेथे जाम झालेले चाक आपल्यापुढे खडीचा ढीग लोटत लवकर थांबते, आणि फिरते ठेवलेले चाक त्या ढिगाचा आधार गमावून अधिक लांब जाते. दिशा राहते, पण अंतर वाढते.

एबीएसचा प्रत्यक्ष लाभ किती, याचा पडताळा परदेशांत फार पूर्वी घेतला गेला आहे. १९८० च्या दशकात म्युनिक शहरातील टॅक्सींच्या एका ताफ्यात काही गाड्यांना एबीएस बसवले आणि काहींना नाही, आणि बाकी सर्व सारखे ठेवून त्यांच्या अपघातांची नोंद ठेवली. अपघातांच्या संख्येत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. तेव्हा उतारूंच्या वेशात बसवलेल्या निरीक्षकांनी, चालकांना इतल्ला न देता, त्यांच्या चालवण्याची पाहणी केली. आणि असे दिसून आले की एबीएस असलेले चालक वळणे अधिक वेगाने व तीक्ष्ण घेत होते आणि आपल्या पट्ट्यात नीट राहण्याची फिकीर कमी करत होते. सुरक्षिततेची जी जास्तीची शिल्लक यंत्रणेने दिली होती, ती त्यांनी नकळत वेगात खर्चून टाकली होती. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घकालीन पाहणीचा निष्कर्षही विचार करायला लावणारा आहे: एबीएसमुळे प्राणघातक नसलेले अपघात मोटारींत सहा टक्क्यांनी आणि त्याहून मोठ्या हलक्या वाहनांत आठ टक्क्यांनी घटले, पादचाऱ्यांना व ओल्या रस्त्यावर दुसऱ्या वाहनांना बसणाऱ्या धडका कमी झाल्या, पण गाडी रस्ता सोडून जाण्याचे प्राणघातक अपघात वाढले, आणि मृत्यूंच्या एकंदर हिशेबात निव्वळ लाभ जवळजवळ शून्य राहिला. त्याचे एक कारण असे सांगितले जाते की पूर्वी जाम चाकांनी सरळ घसरत जाणारी गाडी आता घाबरलेल्या चालकाच्या हाताबरोबर वळते, आणि त्याने सुकाणू भलतेच फिरवलेले असल्यास ती रस्त्याच्या कडेला, खड्ड्यात किंवा उलटीपालटी होऊन पडते. सुकाणू जिवंत ठेवणे हा यंत्रणेचा गुण. ते कोठे फिरवायचे, हे तिच्या अखत्यारीत नाही.

वळणावरचा ताबा सुटू नये म्हणून मोटारीसाठी जे खरे साधन निघाले ते एबीएसच्याच पाठीवर उभे राहिलेले, पण त्याहून वेगळे आहे. १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास मालिकेतील मोठ्या गाडीत बॉशच्या सहकार्याने जी इलेक्ट्रॉनिक स्थैर्ययंत्रणा आली, ती सुकाणू किती फिरवले आहे आणि गाडीचे अंग प्रत्यक्षात किती फिरत आहे यांची तुलना करते, आणि दोहोंत तफावत आढळताच, चालकाने ब्रेक दाबला असो वा नसो, एकाच नेमक्या चाकाला ब्रेक लावून गाडीला मार्गावर आणते. गाडी बाहेर सरकत असेल तर आतल्या मागच्या चाकाला, आणि मागची बाजू फिरू लागली असेल तर बाहेरच्या पुढच्या चाकाला. पुढे १९९७ मध्ये स्वीडनमधील एका मासिकाने घेतलेल्या, समोर अचानक आलेल्या प्राण्याला चुकवण्याच्या चाचणीत त्याच कंपनीची लहानशी ए-क्लास मोटार उलटली, आणि मग ही यंत्रणा तिच्यात सरसकट बसवण्यात आली. अमेरिकेत ती २०११ पर्यंत आणि युरोपात २०११ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. मोटार घेताना घाटरस्त्यांचा विचार करणाऱ्याने वरच्या मॉडेलातले मोठे पडदे आणि चकचकीत चाके सोडून आधी तिची चौकशी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुचाकीचा प्रश्न मात्र याहून फार बिकट आहे, आणि आपल्याकडे रस्त्यावर मरणाऱ्यांत दुचाकीस्वारांची संख्या सर्वांत मोठी असल्याने तो अधिक आपला आहे. मोटारसायकल वळते ती कलून. वर घेतलेल्या उदाहरणात, ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना, तिला सुमारे तीस अंश कलावे लागते. त्या स्थितीत टायर मधल्या पट्ट्यावर न टेकता आतल्या कडेवर टेकतो, आणि पुढचा ब्रेक दाबताच रस्त्याचे बल त्या कडेवर, म्हणजे सुकाणूच्या आसाच्या एका बाजूला, लागून हँडल आतल्या बाजूस ओढले जाते. परिणामी गाडी अंग सावरून उभी राहू पाहते आणि वळणाचा घेर मोठा होतो. सरळ शब्दांत सांगायचे तर, घाबरून ब्रेक दाबलेली मोटारसायकल वळण सोडून बाहेर, डाव्या वळणावर समोरून येणाऱ्याच्या पट्ट्यात, जाऊ लागते. हे चाक जाम होण्याच्या कितीतरी आधी घडते, आणि साध्या एबीएसला त्याची दखल घेता येत नाही.

चाक जाम झालेच तर काय होते, याची कल्पना केलेली बरी. सरळ उभ्या गाडीचे पुढचे चाक क्षणभर अडले आणि लगेच सुटले, तर निष्णात स्वार ते सावरू शकतो. तीस अंश कललेल्या गाडीचे पुढचे चाक अडले, तर तिला तोलून धरणारे आडवे बलच एकदम नाहीसे होते आणि ती डोळ्याचे पाते लवण्याच्या आत जमिनीवर असते. साधी एबीएस यंत्रणा घसरण सुरू झाल्यावर जागी होते. तिची आखणी मुख्यतः उभ्या गाडीसाठी झालेली असते, आणि लिव्हर झटक्याने दाबल्यास दाब इतक्या वेगाने चढतो की यंत्रणेने तो उतरवेपर्यंत कललेल्या टायरच्या आडव्या पकडीचा बराच भाग निघून गेलेला असतो. याउलट कल थोडा असेल, दाब हळूहळू वाढवला असेल, किंवा वळणात ओलसर ठिगळ लागले असेल, तर हीच यंत्रणा स्वाराला वाचवूही शकते. म्हणून दुचाकीच्या बाबतीत कोणी होय किंवा नाही असा एका शब्दाचा फैसला मागितला, तर तो देता येणार नाही. कल जितका अधिक, तितकी तिच्यावरची भिस्त कमी, एवढेच प्रामाणिकपणे सांगता येते.

यावरून एबीएस दुचाकीला निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढू नये. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने वेगवेगळ्या वर्षी केलेल्या पाहण्यांत, एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या व नसलेल्या मोटारसायकलींची तुलना करता, प्राणघातक अपघातांचे प्रमाण एक-पंचमांश ते एक-तृतीयांश इतके कमी आढळले आहे. मोटारींत जो लाभ मृत्यूंच्या हिशेबात विरून गेला, तो दुचाकीत ठसठशीत दिसतो, आणि याचे कारण उघड आहे: मोटारीचे चाक जाम झाले तर ती घसरते, पण दुचाकीचे जाम झाले तर ती पडते. शिवाय, चाक अडेल या भीतीने ब्रेक अर्धाच दाबून समोरच्या अडथळ्यावर आदळणारा स्वार एबीएसच्या भरवशावर पूर्ण ब्रेक लावू शकतो, आणि त्यामुळे टळलेला अपघात कोणत्याही दप्तरात नोंदला जात नाही.

याच ठिकाणी आपल्या कायद्याविषयी माझी तक्रार आहे. कायद्याने एबीएस सक्तीचे केले, परंतु ते दोन्ही चाकांना असलेच पाहिजे असे म्हटले नाही; त्यामुळे १५० ते १६० सीसीच्या, तरुणांच्या आवडत्या, अनेक गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असते आणि मागचे चाक पूर्वीसारखेच उघडे राहते. आपल्याकडे सायकलपासून आणि जुन्या ड्रम ब्रेकच्या गाड्यांपासून चालत आलेली सवय अशी, की पुढचा ब्रेक दाबला तर गाडी उलटते म्हणून पाय आधी मागच्या ब्रेकवर जातो. वळणात गाडी बाहेर जाऊ लागली की हाच पाय आपोआप खाली येतो, मागचे चाक जाम होते, मागची बाजू बाहेर फेकली जाते. आणि स्वाराने घाबरून ब्रेक एकदम सोडला तर ते चाक पुन्हा पकड घेताच गाडी झटक्याने उसळून त्याला वरून पलीकडे भिरकावते. अनुभवी स्वार या दुसऱ्या प्रकाराला पहिल्याहून अधिक भितात, आणि ते रास्तच आहे. गाडीवर एबीएस लिहिलेले असूनही हा सबंध प्रसंग तिच्या कक्षेबाहेर घडतो. ग्राहकाने ही अक्षरे वाचून समाधान न मानता ती एका चाकाची आहेत की दोन्ही, याची खातरजमा करून घ्यावी, आणि शासनाने ही मुभा काढून घ्यावी. काही हजार रुपयांच्या बचतीपायी मागचे चाक असे वाऱ्यावर सोडणे मला मान्य होत नाही.

उपयोगी साधन रस्त्यावर येण्यास लागणाऱ्या विलंबाची ही गोष्ट नवी नाही. चाक जाम होऊ नये म्हणून योजलेल्या ब्रेकचे पेटंट बॉशने १९३६ मध्ये मिळवले होते. डनलॉप कंपनीची मॅक्सारेट ही यांत्रिक रचना १९५० च्या दशकाच्या आरंभी विमानांच्या चाकांना लागली, आणि ओल्या धावपट्टीवर उतरताना वैमानिकांना निःशंकपणे पूर्ण ब्रेक लावता येऊ लागला. १९५८ मध्ये ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने हीच रचना रॉयल एनफिल्डच्या सुपर मीटिऑर मोटारसायकलीवर बसवून पाहिली. निसरड्या पृष्ठभागावर थांबण्याचे अंतर तीस टक्क्यांपर्यंत घटले, मोटारसायकलींच्या अपघातांत घसरण्याचे प्रमाण मोठे असल्याने त्यांना हे फार उपकारक ठरेल असा अभिप्रायही नोंदला गेला. पण कंपनीच्या तांत्रिक प्रमुखांना त्यात भवितव्य दिसले नाही आणि रचना उत्पादनात आली नाही. मोटारींत १९६६ ची जेन्सन एफएफ आणि १९७८ ची इलेक्ट्रॉनिक एबीएसची मर्सिडीज एस-क्लास येऊन गेल्यावर, १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के १०० मालिकेत दुचाकीला प्रथमच विक्रीयोग्य एबीएस मिळाले. यशस्वी प्रयोग आणि विक्री यांच्यात तीस वर्षांचे अंतर पडले, आणि त्या तीस वर्षांत ओल्या रस्त्यांवर पडलेल्या स्वारांचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

कललेल्या दुचाकीचा प्रश्न सोडवणारी रचना त्याहून पाव शतकाने आली. बॉशने तयार केलेली आणि केटीएमच्या ११९० अ‍ॅडव्हेंचर या गाडीच्या २०१४ च्या मॉडेलात प्रथम दिसलेली ही यंत्रणा चाकांच्या वेगाबरोबर गाडी किती अंश कलली आहे, पुढे किती झुकली आहे आणि किती फिरते आहे, हेही सतत मोजते. कल जितका अधिक, तितका ब्रेकचा दाब ती मुळातच संथपणे चढू देते, घसरण होण्याची वाट न पाहता. पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी बदलते, आणि त्यामुळे गाडी उभी राहून वळण सोडण्याची ओढही सौम्य होते. वळणावरचे एबीएस असे नाव शोभते ते हिला. पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणाऱ्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरमध्ये ती २०२० पासून मिळू लागली, म्हणजे हे ज्ञान आपल्या दारात आले आहे. पण ते महागड्या गाड्यांपुरते राहिले आहे, आणि ताम्हिणी किंवा वरंधा घाटात पावसाळ्यात दिसणाऱ्या बहुसंख्य दुचाकींत ते नाही. आणि ते असले, तरी वर्तुळ तेवढेच राहते. घाटातल्या साधारण १५ मीटर त्रिज्येच्या नागमोडी वळणावर ताशी २० किलोमीटर वेगाला जेमतेम २.१ त्वरण पुरते. ४० च्या वेगाला ते चौपट होऊन ८.२ वर जाते, जे कोरड्या रस्त्याच्याही आवाक्याबाहेर आहे. या ठिकाणी जगातली कोणतीही ब्रेकयंत्रणा काही करू शकत नाही, कारण ब्रेकची वेळ वळणाच्या अलीकडेच निघून गेलेली असते.

म्हणून जाणकार स्वार वेग वळणाआधी, गाडी उभी असताना, दोन्ही ब्रेकांनी उतरवतात, आणि कल वाढत जाईल तसतसा ब्रेक हलका करत नेतात. तरीही वळणाच्या मध्यावर अडथळा आलाच आणि पुढे थोडी मोकळी जागा असली, तर आधी गाडी उभी करून मग जोराने ब्रेक लावावा. साध्या एबीएसचा पूर्ण उपयोग त्या उभ्या स्थितीतच होतो. जागा नसेल तर ब्रेक बेताने, दोन्ही, आणि दाब हळूहळू वाढवत. नजर अडथळ्यावर खिळवू नये, रस्ता जिथे जातो तिथे ठेवावी, कारण हात नजरेमागे जातात. मोटारीत उलट आहे: संकटात पेडल पूर्ण दाबून धरावे, थरथर जाणवली म्हणून पाय उचलू नये, जुन्या शिकवणीप्रमाणे ते वारंवार दाबून सोडू नये, आणि सुकाणू हवे तेवढेच फिरवावे. ती थरथर पहिल्यांदा घाटात जाणवली तर माणूस दचकतो. यासाठी एखाद्या रिकाम्या मैदानात, सरळ रेषेत आणि कमी वेगात, ती एकदा मुद्दाम अनुभवून ठेवावी.

यंत्रणेची तपासणी करणे सोपे आहे, पण ती क्वचितच होते. किल्ली फिरवताच डॅशबोर्डावर एबीएसचा पिवळा दिवा लागतो आणि काही क्षणांत किंवा गाडी थोडी चालू लागताच विझतो. चालत्या गाडीत तो तेवत राहिला, तर यंत्रणा बंद आहे आणि हाताशी केवळ साधा ब्रेक उरला आहे असे समजावे. बहुधा कारण क्षुल्लक असते, सेन्सरवर बसलेला चिखल, वाकलेली दातेरी कडी, चाक काढून बसवताना सैल झालेली वायर. पण तो दिवा लागलेला असताना पुष्कळ जण महिनोन्महिने तसेच हिंडतात, कारण ब्रेक लागतो आहे. तसेच टायरचे: नक्षी घासून गुळगुळीत झालेल्या टायरवर ओल्या रस्त्याची पकड इतकी खाली येते की सेन्सर, झडपा आणि संगणक निर्दोष असूनही त्यांना सांभाळायला फारसे काही उरत नाही. पावसाळ्याच्या आधी गाडी गॅरेजात देताना इंजिन ऑइलच्या आधी या दोन गोष्टी, एबीएसचा दिवा आणि टायरच्या नक्षीची खोली, मेकॅनिककडून बघून घ्याव्यात, आणि मुलाच्या गाडीचे हे काम आईबापांनी समोर उभे राहून करून घ्यावे.